पाणी तापलं की मासा संपतो का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की नद्या-समुद्रातल्या जिवांना नुसतं सरासरी तापमान वाढण्यापेक्षा तापमानाची वरखाली जास्त नडते, आणि कुठली जात नामशेष होण्याचा धोका किती याचं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं गणित, करताना खरी डोकेदुखी तीच असते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर अख्खं त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं छाटलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझ्याकडे कित्येक वर्षं फिशटँक आहे. गप्पी, मॉली, गोरामी. हिवाळ्यात हीटर बंद राहिला तर पाणी २२ डिग्रीवर येतं, मे महिन्यात ३१ होतं. मासे मजेत असतात. मग समुद्र दीड डिग्रीने तापला तर एवढा गहजब कशाला? (सुधाकर, कोथरूड)

उत्तर : काका, तुमचे मासे मजेत आहेत यात तुमचा स्वतःचा हात मोठा आहे हो. एअर पंप चोवीस तास चालू, खाणं वेळेवर, शिकारी कोणी नाही, आजारी मासा दिसला की तुम्ही जाळीने उचलून बाजूला ठेवता. नदीतल्या माशाला यातलं काहीच नाही. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, गोड्या पाण्यात २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० डिग्रीला साडेसातच्या आसपास, आणि नेमकं त्याच वेळी माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागायला लागतं, कारण त्याच्या अंगाचं तापमान म्हणजे पाण्याचंच तापमान, ते चढलं की आतलं सगळंच जोरात चालतं, ढोबळमानाने १० डिग्रीमागे दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. मागणी वर आणि पुरवठा खाली. तुमचा पंप ही दरी बुजवून टाकतो म्हणून तुम्हाला ती दिसत नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही मोठे मासे बघताय. जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २०२० मध्ये ६९४ जातींच्या माशांची माहिती एकत्र करून तपासली, तर असं दिसलं की तापमान सोसायची ताकद सगळ्यात कमी असते ती अंड्यातल्या गर्भाला आणि गाभोळी भरलेल्या माशांना, मधल्या वयाचा मासा त्या मानाने बराच कणखर. त्यांच्या हिशेबाने तापमानवाढ दीड डिग्रीच्या आसपास रोखली तर २१०० पर्यंत साधारण १० टक्के जातींच्या विणीच्या जागी पाणी त्यांच्या मर्यादेबाहेर जाईल, आणि काहीच केलं नाही तर ६० टक्क्यांपर्यंत. म्हणजे नदीत मोठे मासे छान फिरतायत म्हणून आपण निर्धास्त, आणि खाली पिल्लंच होत नाहीयेत, असं चालू शकतं. गप्पी आणि मॉली तर अंडी बाहेर घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात, त्यामुळे तो नाजूक टप्पा तुम्हाला टँकमध्ये दिसणारच नाही. गोरामीचं बघा. पाण्यावर फेसाचं घरटं कधी बांधलं, त्या दिवशी थर्मामीटर काय म्हणत होता आणि पिल्लं किती टिकली, एवढं वहीत लिहीत जा, बघा काय निघतं ते.

तिसरी गोष्ट मॉडेलवाल्यांची लाडकी आहे. तापमान आडव्या अक्षावर आणि माशाची वाढ उभ्या अक्षावर घेतली तर जी रेषा येते ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते. थंडीकडून हळूहळू चढत येते, सगळ्यात सोयीच्या तापमानाला टोक गाठते, आणि तिथून पुढे धाडकन खाली. समजा एखाद्या माशाला २८ डिग्री सगळ्यात मानवते. २५ ला त्याची वाढ ९० टक्के राहील पण ३१ ला ४० टक्केच (आकडे समजण्यापुरते घेतलेत). आता कायम २८ असलेलं पाणी आणि निम्मा वेळ २५, निम्मा वेळ ३१ असलेलं पाणी, सरासरी दोन्हीकडे २८ च, पण एकीकडे वाढ १०० आणि दुसरीकडे ६५. उलटही होतं बरं का, मासा त्याच्या सोयीच्या तापमानापेक्षा बऱ्याच थंड पाण्यात राहत असेल तर अधूनमधून ऊन पडणं त्याच्या पथ्यावर पडतं. म्हणून चढउतार वाईट असं सरसकट म्हणायचं नाही, मासा त्या रेषेवर कुठे बसलाय ते आधी बघायचं. उष्ण भागातले बरेच जलचर मात्र आधीच टोकाच्या जवळ बसलेत, ही पंचाईत आहे.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. एखादं वर्ष दोन डिग्रीने गरम गेलं आणि पुढचं दोन डिग्रीने थंड, तर हिशेब सुटला ना? प्लस-मायनस कॅन्सल. यात नामशेष होण्याचा प्रश्न येतो कुठे? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर : इंजिनिअर आहात म्हणून आकड्यातच सांगते. शेअर ५० टक्के पडला आणि मग ५० टक्के चढला तर तुमचे १०० चे परत १०० होत नाहीत, ७५ होतात. हे तुम्हाला चांगलं माहितीय. प्राण्यांची संख्याही बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते, त्यामुळे तिथेही हेच.

एका तळ्यात १००० मासे आहेत आणि तिथे मावतातही जास्तीत जास्त १००० च, असं धरा. बऱ्या वर्षी दीडपट, वाईट वर्षी निम्मे. दहा वर्षांत पाच बरी, पाच वाईट, एकाआड एक, पहिलं वाईट. मग आकडे येतात ५००, ७५०, ३७५, ५६२, आणि असं घसरत घसरत दहाव्या वर्षी २३७. साधी सरासरी काढली तर दरवर्षीचा गुणक बरोब्बर १, म्हणजे कागदावर काहीच बदल नाही, आणि प्रत्यक्षात तीन चतुर्थांश मासे गेले. इथपर्यंत नुसत्या चढउताराची करामत झाली.

आता तीच दहा वर्षं घ्या, तीच पाच बरी आणि तीच पाच वाईट, फक्त क्रम बदला. वाईट पाच आधी एका रांगेत टाका. ५००, २५०, १२५, ६२, ३१. मग पाच बरी वर्षं आली की कॅल्क्युलेटर तुम्हाला ३१ पासून परत २३७ वर नेऊन ठेवतो, अगदी तोच आकडा, आणि तुम्ही म्हणाल बघा, क्रमाने काही फरक पडत नाही. पण ते तळ्यात घडत नाही ना! ३१ मासे म्हणजे एखाद्या वर्षी त्यातल्या नऊच माद्या असतात, त्यातल्या चार बगळा नेतो, उरलेल्यांना नर भेटत नाही, भेटला तर तो भाऊच निघतो. मोठ्या संख्येत असली बारीकसारीक दुर्दैवं एकमेकांत मिटून जातात, छोट्या संख्येत एकेक दुर्दैव जिवावर बेततं. म्हणून मॉडेलमध्ये शून्याची वाट बघत बसत नाहीत, एक उंबरठा ठरवतात, समजा ५०, आणि संख्या त्याखाली गेली की ती जात त्या रनमध्ये, म्हणजे गणिताच्या त्या फेरीत, गेली असं धरतात. एकाआड एक वर्षांच्या गणितात सगळ्यात खालचा आकडा १५८ होता, उंबरठ्याच्या बराच वर. दुसऱ्यात पाचव्याच वर्षी खेळ खलास. सरासरी तीच, वरखाली तेवढीच, फक्त रांग वेगळी.

आणि निसर्गात वाईट वर्षं रांगेतच यायला बघतात. हवा चार दिवसांत विसरते, समुद्र विसरत नाही, एवढं पाणी एकदा तापलं की महिनोन्‌महिने उष्णता धरून ठेवतं. ईशान्य पॅसिफिकमध्ये २०१४ ते २०१६ असा गरम पाण्याचं डबकंच अलास्का-कॅलिफोर्नियासमोर बसून होतं, शास्त्रज्ञांनी त्याचं नावच ‘ब्लॉब’ ठेवलं. ज्या मॉडेलात दरवर्षीचं तापमान नाणं उडवल्यासारखं स्वतंत्र धरलेलं असतं ते अशा ठिकाणी धोका कमी दाखवतं, आणि तसली मॉडेलं ढिगाने आहेत कारण करायला सोपी पडतात. योग्य पद्धत म्हणजे यंदाच्या तापमानात मागच्या वर्षाचा थोडा अंश मिसळायचा, उरलेलं रँडम ठेवायचं, आणि तेच भविष्य दहा हजार वेळा चालवून बघायचं. त्यातली किती भविष्यं उंबरठ्याखाली गेली तो तुमचा धोका. २३०० गेली तर २३ टक्के. यापेक्षा गूढ त्यात काही नाही.

प्रश्न : ताई, मी सॅक्रामेंटोजवळ राहते. आमच्याकडे सॅमनसाठी धरणातून थंड पाणी सोडतात आणि शेतकरी त्यावरून चिडलेले असतात. मासे डोंगरातल्या नदीतले, मग त्यांना धरणाचं पाणी कशाला? आणि किती डिग्री लागतं यावर दरवर्षी भांडण का? (अनघा, कॅलिफोर्निया)

उत्तर : अनघा, तू ज्या नदीकाठी राहतेस ती या विषयाची पंढरी आहे म्हटलं तरी चालेल, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

तिथली एक सॅमन आहे, चिनूक जातीची, हिवाळ्यात समुद्रातून नदीत शिरते म्हणून विंटर-रन. गंमत अशी की ती अंडी घालते भर उन्हाळ्यात, जेव्हा खालच्या खोऱ्यात पाणी सगळ्यात गरम असतं. हा वेडेपणा तिला परवडायचा कारण ती वर मॅक्लाउडसारख्या झऱ्यांच्या नद्यांत जायची, ज्वालामुखीच्या खडकातून झिरपलेलं पाणी, बारा महिने गार. १९४० च्या दशकात शास्ता धरण झालं आणि ती वाट कायमची बंद. आता ती धरणाखाली, रेडिंग गावाजवळ, वाळू-गोट्यांत अंडी घालते आणि तिथलं पाणी गार राहतं ते केवळ धरणाच्या तळाचं थंड पाणी सोडतात म्हणून. १९६० च्या दशकाच्या शेवटी लाखाच्या आसपास मासे परत यायचे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं २०० सुद्धा नाही. १९९४ मध्ये तिला धोक्यातल्या जातींच्या कायद्याखाली सगळ्यात वरचं संरक्षण मिळालं.

आता तुझं डिग्रीचं भांडण. बरीच वर्षं ५६ फॅरनहाइट, म्हणजे १३.३ सेल्सिअस, ही रेषा धरली जायची. प्रयोगशाळेत अंडी त्याहून दोनेक डिग्री जास्तही सोसत होती, त्यामुळे सगळे निवांत. मग २०१४ आणि २०१५ चा दुष्काळ आला, धरणातलं थंड पाणी हंगाम संपायच्या आधी संपलं, आणि एरवी शंभरातली साधारण पंचवीस अंडी पिल्लू होऊन खाली यायची तिथे दोन्ही वर्षी पाचच्या आसपास आली. प्रयोगशाळेच्या आकड्यांवर चालणारं मॉडेल एवढी मर दाखवतच नव्हतं. २०१७ मध्ये संशोधकांनी नदीतल्या खऱ्या आकड्यांवरून मर्यादा परत काढली, ती १२ डिग्रीच्या जवळ आली, प्रयोगशाळेपेक्षा तीनेक डिग्री खाली.

तीन डिग्री गेल्या कुठे? अंड्याला कल्ले नसतात. ऑक्सिजन त्याच्या कवचातून झिरपून आत येतो आणि तो किती येणार ते अंड्यावरून पाणी किती वेगाने वाहतं त्यावर ठरतं. चिनूकचं अंडं चांगलं वाटाण्याएवढं, पोट मोठं आणि त्या मानाने पृष्ठभाग कमी. प्रयोगशाळेतल्या ट्रेमधून पाणी झुळझुळ वाहत असतं, नदीच्या तळाशी गोट्यांत पुरलेल्या अंड्यांवरून ते रेंगाळत जातं. त्यामुळे तेच तापमान ट्रेमध्ये सोसतं आणि वाळूत जीव घेतं. मला ही गोष्ट फार आवडते कारण यात कोणी खोटं बोललं नव्हतं, प्रयोगही बरोबर होता, फक्त त्यातली एक गोष्ट, पाण्याचा वेग, नदीसारखी नव्हती, आणि मॉडेल तीच चूक इमानदारीने पुढे नेत होतं.

आणि मागच्या उत्तरातली रांग इथे परत येते. हे मासे बहुतेक तीन वर्षांचे झाले की परततात. म्हणजे या वर्षीची पिल्लं, मागच्या वर्षीची आणि त्याच्या आधीची असे तीन जवळजवळ वेगवेगळे गट पाळीपाळीने येतात. एक वाईट उन्हाळा एका गटाला मारतो. सलग दोन आले की तीनातले दोन गेले. २०१४, २०१५ हे तसेच होते, आणि २०२१ च्या दुष्काळात परत तेच, त्या वर्षी तर अंडी जगण्याचं प्रमाण आणखी खाली. सलग तीन आले असते तर समुद्रात उरलेले थोडे उशिरा परतणारे मासे आणि धरणाखालच्या हॅचरीतले, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवायच्या केंद्रातले, मासे एवढ्यावरच सगळं येऊन थांबलं असतं. शेतकऱ्यांचा राग मला समजतो, तेही त्याच पाण्यावर जगतात, पण जूनमध्ये तळाचं थंड पाणी संपवलं तर ऑगस्टमध्ये ते आणायचं कुठून याला उत्तर नाही.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की २०४८ मध्ये समुद्रातले सगळे मासे संपणार. खरं का? (नाशिक)

उत्तर : नाही. २००६ च्या एका संशोधनात, ज्या माशांची पकड तिच्या उच्चांकाच्या १० टक्क्यांखाली गेली त्यांना ‘कोसळलेले’ धरून तो आलेख पुढे वाढवला होता, तो २०४८ ला शंभर टक्क्यांना टेकत होता. पेपरात ती एक ओळ होती, बातम्यांत तीच तेवढी उरली. त्यातही तापमानाचा संबंध नव्हता, विषय अति मासेमारीचा होता, आणि पकड कमी झाली म्हणजे मासा संपला असंही नाही. मूळ लेखकानेच २००९ मध्ये आपल्या सगळ्यात मोठ्या टीकाकाराबरोबर बसून नवं काम केलं, त्यात काही ठिकाणी नियम पाळल्यावर मासेमारीचा ताण उतरलेला दिसला. ज्या मेसेजमध्ये साल असतं आणि शक्यता नसते तो सरळ डिलीट करा.

प्रश्न : पाणी गरम झालं तर मासे थंड पाण्यात का निघून जात नाहीत? (ओवी, इयत्ता आठवी, सांगली)

उत्तर : जातात ना ओवी, खूप जाती जातायत, कोणी ध्रुवांकडे सरकतंय, कोणी खोल. पण जागा असली पाहिजे. तळ्यातला मासा कुठे जाणार? आणि जे आधीच ध्रुवाजवळच्या गार पाण्यात आहेत ते आणखी कुठे जाणार?

बेरिंग समुद्रात, अलास्का आणि रशियाच्या मध्ये, स्नो क्रॅब नावाचे खेकडे राहतात, त्यांची पिल्लं तळाशी असलेल्या एकदम गार पाण्याच्या पट्ट्यात वाढतात. २०१८ आणि २०१९ ला तो पट्टा आकसला. खेकडे थोड्याशा जागेत दाटीवाटीने कोंडले गेले, आणि पाणी कोमट म्हणून भूक काही पटींनी वाढली. पाणी त्यांना भाजून मारेल इतकं गरम नव्हतंच, प्रयोगशाळेत ते त्याहून गरम पाण्यात जगतात. ते उपाशी मेले. काही वर्षांत १००० कोटींहून जास्त खेकडे गेले आणि २०२२ मध्ये तिथली या खेकड्यांची मासेमारी इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवायला लागली. तर ‘किती तापमानाला जीव मरतो’ एवढंच मॉडेलमध्ये घातलं असतं तर उत्तर आलं असतं की काही होणार नाही.

तुला जुन्या गोष्टी आवडत असतील तर आणखी एक सांगते. साधारण २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांच्याही आधी, समुद्रातले बहुतेक जीव संपले होते. अमेरिकेतल्या जस्टिन पेन आणि कर्टिस डॉइच यांनी २०१८ मध्ये त्या काळचा समुद्र कॉम्प्युटरवर उभा केला, पाणी तापवलं, ऑक्सिजन घटवला आणि विचारलं की जास्त कोण मरतं. उत्तर आलं, ध्रुवांजवळचे. मग दगडातले जीवाश्म तपासले तर खरंच तिकडचे जास्त गेले होते. त्याच दोघांनी २०२२ मध्ये पुढचं गणित केलं, की आपण असेच धूर सोडत राहिलो तर २३०० पर्यंत समुद्रातला संहार जुन्या महासंहारांच्या तोडीचा होऊ शकतो, आणि आत्ता आवरलं तर तो धोका ७० टक्क्यांहून जास्त कमी होतो.

प्रश्न : ताई, आम्ही मालवणात स्नॉर्कलिंगला पाहुणे नेतो. मे महिन्यात प्रवाळ पांढरे पडलेले दिसतात, कधी परत रंग धरतात कधी नाही. पाहुणे विचारतात मेले का. आणि बाबा म्हणतात तारली पण संपली. काय सांगायचं? (समिधा, मालवण)

उत्तर : पांढरा म्हणजे मेलेला नाही, हे पाहुण्यांना आधी सांग. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळं राहतं, तेच त्याला जेवण आणि रंग देतं. पाणी फार तापलं की ते शेवाळं बाहेर पडतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसतो. प्रवाळ तेव्हा उपाशी असतो, जिवंत असतो. पाणी लवकर निवळलं तर शेवाळं परत येतं. तुमच्याकडे पाऊस वेळेवर आला की समुद्र गार होतो, तीच त्याची सुटका. जूनचा पहिला आठवडा कोरडा गेला की शेतकऱ्याइतकीच प्रवाळाचीही पंचाईत.

याचं मॉडेल बघ किती साधं आहे. अमेरिकेची नोआ संस्था उपग्रहाने पाण्याचं तापमान बघते. त्या जागेच्या सगळ्यात गरम महिन्याचं नेहमीचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यापेक्षा निदान १ डिग्री वर किती गेलं आणि किती आठवडे राहिलं याचा १२ आठवड्यांचा गुणाकार-बेरीज करायची. २ डिग्री जास्त, २ आठवडे, म्हणजे ४. हा आकडा ४ झाला की पांढरं पडणं बऱ्यापैकी दिसतं, ८ च्या वर गेला की मरायला लागतात. एक दिवस पाणी ३२ ला गेलं यापेक्षा ते तिथे बसून किती राहिलं हे महत्त्वाचं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे मोठे फटके बसलेत, आणि तारखांकडे नीट बघ, मधलं अंतर आधी बारा वर्षांचं होतं, नंतर सहा-आठ वर्षांवर आलंय. मोठा प्रवाळ सावरायला दहा वर्षं घेत असेल आणि फटका सहा-आठ वर्षांनी येत असेल तर पुढचं मला सांगायला नको.

पण एक बाजू अशीही आहे जी बातम्यांत येत नाही. अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटावर किनाऱ्याजवळ उथळ डबकी आहेत, ओहोटीला एकेका दिवसात पाणी ६ डिग्रीपर्यंत वरखाली होतं, ३४ च्या वर जातं, आणि तिथले प्रवाळ शेजारच्या शांत डबक्यातल्या भाऊबंदांपेक्षा उष्णता जास्त सोसतात, शांत डबक्यातून आणून तिथे लावलेलेही वर्षा-दोन वर्षांत बऱ्यापैकी तयार झाले. रोजची वरखाली अंगवळणी पडते, महिनाभर ठाण मांडून बसलेली उष्णता मारते. तुमचे प्रवाळ गढूळ पाण्यात, लाटांत, पावसाळ्याच्या गोड्या पाण्यात टिकून आहेत, त्यामुळे ते नाजूक पर्यटकांसारखे नाहीत असं माझं मत, पण मत आणि मोजमाप यात फरक असतो. उपग्रहाचा एक ठिपका ५ किलोमीटरचा असतो, त्यात तुमच्या खडकाजवळचं पाणी हरवून जातं. तुम्ही लोक रोज पाण्यात उतरता. एक तापमानाचा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारं छोटं यंत्र, खडकाजवळ बांधा आणि त्याच त्या प्रवाळाचा दर आठवड्याला, त्याच कोनातून फोटो काढा. आणि पाहुण्यांना त्यावर उभं राहू देऊ नका, त्याला कुठलं मॉडेल लागत नाही.

तारलीचं वेगळं आहे. ती फार उड्या मारणारी मासळी. केरळात २०१२ ला जवळजवळ ४ लाख टन मिळाली आणि २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही, हे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे. धंदा बसला, घरं उपाशी पडली, पण जात संपली नाही, नंतर परत दिसायला लागली. लाखोंनी अंडी घालणारी, वर्षा-दोन वर्षांत वयात येणारी मासळी पडते तशी उठतेही. पाच-सहा वर्षांनी वयात येणारे आणि थोडी पिल्लं देणारे मुशी-वागळ्यासारखे मासे तसे उठत नाहीत. बाबांना म्हणावं तारलीपेक्षा काळजी त्यांची करा.

प्रश्न : मॅम, मी एमएस्सी झूलॉजी करतेय, नांदेडला. आमच्याकडे तापमान कंट्रोल करायची टाकी नाही. या विषयावर प्रोजेक्ट होईल का? कोडिंग थोडं येतं. (प्रज्ञा)

उत्तर : होईल, आणि टाकी नसली तरी चालेल. सरावाला डेव्हिल्स होलचा पपफिश घे. नेवाडाच्या वाळवंटात खडकातली एक कपार, आत गरम पाण्याचं खोल विवर, तोंडाशी उथळ दगडी फळी, जेमतेम एका खोलीएवढी. इंचभर लांबीचा हा मासा जगात नैसर्गिकरीत्या फक्त तिथेच आहे आणि त्या फळीवरच वीण होते. विवरातलं पाणी वर्षभर ३३-३४ डिग्री, पण फळीवर ऊन पडतं, सावली पडते, रात्री गार होतं, त्यामुळे तिथलं तापमान हलतं, आणि अंड्यांना ते मानवेल अशी वर्षातली मुदत हवा तापत चालल्याने आखडतेय असं तिथल्या पाण्याच्या मॉडेलने दाखवलंय. १९७२ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, माणसं पाण्यात उतरून मासे मोजतात. एवढी लांब मोजणी दुसऱ्या माशाची क्वचित मिळते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या स्टीव्हन बायसिंगर यांनी २०१४ मध्ये त्याच आकड्यांवर मॉडेल केलं. एका वर्षातून पुढच्या वर्षात संख्या कितीपट झाली त्याचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा, त्याची सरासरी आणि विखुरण काढायचं, आणि त्यातून रँडम भविष्यं चालवायची. निम्मी भविष्यं साधारण २६-२७ वर्षांत संपत होती. तेव्हा वाईट अवस्था होती, २०१३ च्या वसंतात ३५ मासेच मोजले गेले होते. पुढे काय झालं ते बघ, २०२२ च्या शरदात २६३ वर गेले, सगळे खूश, आणि मग दूरच्या भूकंपांनी विवरात लाटा उठल्या, फळीवरचं शेवाळं आणि अंडी धुऊन गेली, २०२५ च्या सुरुवातीला परत ३८. तापमानाच्या कुठल्याच आलेखात भूकंप नव्हता. म्हणून तुझ्या मॉडेलमध्ये अशा अवचित संकटासाठी वेगळी जागा ठेव, दरवर्षी थोडीशी शक्यता, आली की संख्येचा मोठा वाटा गेला.

कामाचा क्रम असा ठेव. आधी तापमान अजिबात न घालता नुसत्या मोजणीवर मॉडेल चालव. मग वाढीच्या दरात तापमान घाल, वाकडी रेषा घाल, सरळ नको, नाहीतर चढउताराचा परिणामच दिसणार नाही. मग तीच सरासरी ठेवून विखुरण वाढव. मग विखुरण तेच ठेवून वर्षांमधला दुवा, म्हणजे मागच्या वर्षाचा मिसळायचा अंश, वाढव, ०, ०.३, ०.६ असा. या पायऱ्यांत धोका कसा बदलतो तो एक तक्ता म्हणजे तुझा प्रोजेक्ट. गाइड म्हणतील पन्नास वर्षांचं भाकीत दाखव, तर नम्रपणे सांग की मोजणी जितक्या वर्षांची त्याच्या १० ते २० टक्के वर्षांपुरतंच भाकीत भरवशाचं धरतात, ४० वर्षांच्या मोजणीवर चार ते आठ वर्षं. त्यापुढचे आकडे दोन पर्यायांची तुलना करायला वापर, तारीख सांगायला नको.

जवळच्या माशावर करायचं असेल तर गोदावरीचं वर्षाचं सरासरी तापमान शोधत बसू नकोस, त्याचा उपयोग नाही. निदान महिन्याचे आकडे हवेत, जमलं तर रोजचे, आणि विणीच्या महिन्यांचे वेगळे काढून ठेव. आर (R) ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा वापर, फुकट आहे. प्रत्येक रनचा रँडम सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून रँडम आकडे सुरू होतात तो, लिहून ठेव, नाहीतर तोंडी परीक्षेत परत तोच आलेख मागितला तर येणार नाही. कोड अडला तर मेल कर, फक्त एररचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नकोस, मजकूर कॉपी करून टाक.